घरच्यांसाठी सुसाट एसयूव्ही घ्यावी का? ठरवताना आधी मागच्या सीटवर बसा

सहाशेच्या वर अश्वशक्तीची एसयूव्ही मी पहिल्यांदा चालवली ती एका मित्राची, चार दिवसांसाठी. पहिल्या दिवशी एकटाच होतो. सिग्नल सुटला, पाय दाबला आणि पोटात गोळा आला. घरी येऊन बायकोला म्हटलं, 'आपल्याला हीच घ्यायची.' दुसऱ्या दिवशी सगळं घर गाडीत बसलं. वेगमर्यादा मी एकदाही मोडली नाही, दोनचार ट्रक मागे टाकले एवढंच. विसाव्या मिनिटाला मागून आवाज आला, 'बाबा, मळमळतंय.' शेजारी बसलेल्या आईने दारावरचं हँडल धरलं होतं ते घर येईपर्यंत सोडलं नाही. गाडी तीच, चालवणाराही तोच. पहिल्या दिवशी मागची सीट रिकामी होती, एवढाच फरक.

म्हणून या लेखातला क्रम शोरूममधल्या क्रमाच्या उलटा आहे. शोरूममध्ये आधी इंजिन दाखवतात आणि डिकी शेवटी. आपण मागून पुढे जाऊ.

आधी गाडी कुठल्या पायरीची ते ओळखा

वेगवान एसयूव्ही आजची नाही. जीएमसीने १९९२-९३ मध्ये टायफून काढली होती, टर्बो व्ही-६ इंजिन आणि २८० अश्वशक्ती. मग २००२ मध्ये पोर्शे कायेन आली आणि तिच्या टर्बो आवृत्तीला ४५० अश्वशक्ती होती. स्पोर्ट्स कार बनवणारी कंपनी असलं धूड कसं काढते म्हणून तेव्हा नाकं मुरडली गेली होती. २००९ मध्ये बीएमडब्ल्यू एक्स५ एम आली, पुढे लॅम्बॉर्गिनीची उरुस आली, आणि आता हा धडधडीत वेगळा वर्ग झाला आहे.

एकाच मॉडेलच्या साधारण तीन पायऱ्या असतात. साधी आवृत्ती, तिच्यावर जोरदार इंजिनाची मधली (ऑडीची 'एस', बीएमडब्ल्यूची 'एम४०' किंवा 'एम६०', पोर्शेची कायेन एस) आणि सगळ्यात वर पूर्ण तिखट आवृत्ती (ऑडीची आरएस, बीएमडब्ल्यूची एम, मर्सिडीजची एएमजी ६३). नावं फसवी असतात. काही गाड्यांवर 'स्पोर्ट' किंवा 'लाइन' लिहिलेलं असतं, पण इंजिन साधंच असतं आणि फक्त बंपर व रिम बदललेले असतात. दिसण्यावर भागत असेल तर तीच घ्या, आपण पुढे बोलणार आहोत तो बराचसा खर्च वाचेल.

पायरी १: महिनाभर स्वतःच्या गाडीची वही ठेवा

हे कंटाळवाणं आहे, तरी करा. रोज किती किलोमीटर, गाडीत किती माणसं आणि पाय पूर्ण दाबायची वेळ किती वेळा आली, एवढंच लिहा. महिन्याअखेर शेवटचा आकडा बघून बहुतेक लोक ओशाळतात.

त्यामागचं गणित सोपं आहे. अडीच टनांच्या आसपासची एसयूव्ही सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरने चालवत ठेवायला साधारण २५ अश्वशक्ती लागते. १२० ला ती चाळीसच्या घरात जाते. उरलेली साडेपाचशे अश्वशक्ती फक्त वेग वाढवायच्या क्षणांसाठी असते, आणि असा क्षण चारपाच सेकंदांत संपतो.

मग ताकद फुकट जाते का? नाही. गाडीत सहा माणसं, डिकी भरलेली, समोर चढ आणि पुढे रखडणारा ट्रक असेल तर साध्या इंजिनाची दमछाक होते आणि समोरून येणाऱ्या गाडीकडे बघत तुमचीही. ताशी ८० वरून १२० वर जायला साध्या आवृत्तीला सहासात सेकंद लागत असतील, तर मधलीला साधारण साडेतीन. ताशी १०० च्या वेगात गाडी सेकंदाला २८ मीटर जाते, म्हणजे वाचलेले तीन सेकंद जवळजवळ ८५ मीटर झाले. हा फायदा खरा आहे आणि सुरक्षिततेचाही आहे. पण मधलीवरून वरच्या पायरीवर गेलात की आणखी सेकंदभरसुद्धा वाचत नाही. शून्य ते शंभर साडेआठ सेकंदांऐवजी पाच सेकंदांत झालं तर गाडी वेगळीच वाटते. पाचाऐवजी चार झालं तर ते स्टॉपवॉचला कळतं, आणि मागे बसलेल्याच्या मानेला.

एक आकडा मात्र मनात ठेवा. ताशी १०० वरून १४० वर गेलात की गाडीतली गतिज ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, आणि ती ब्रेकलाच जिरवावी लागते. या गाड्यांत १४० हे ८० सारखं वाटतं. खरा धोका तिथे आहे.

पायरी २: माणसं आणि सामान घेऊनच गाडी बघायला जा

एकटे गेलात तर हटकून पुढच्या सीटवर बसाल. घरच्यांना न्या, मुलांच्या सीट न्या, बाबागाडी न्या. शोरूमवाला थोडा वैतागेल, वैतागू द्या.

तिसरी रांग लागणार असेल तर ती वरच्या आवृत्तीत मिळते का, हा पहिला प्रश्न. बीएमडब्ल्यू एक्स५ ला काही बाजारांत तिसरी रांग घेता येते, पण तिच्याच एम आवृत्तीत नाही. फेरारीची पुरोसांग्वे तर चौघांचीच. उलट ऑडी एसक्यू७ किंवा मर्सिडीज-एएमजी जीएलएस ६३ मध्ये सात जण बसू शकतात. 'बसू शकतात' आणि 'बसतात' यात फरक आहे, म्हणून घरातल्या सर्वांत उंच माणसाला तिसऱ्या रांगेत बसवून दहा मिनिटं गप्पा मारा. गुडघे छातीशी आले की तो स्वतःच सांगेल.

दुसऱ्या रांगेत मुलांच्या तीन सीट शेजारी शेजारी लावायच्या असतील तर प्रत्यक्ष लावूनच बघा. मुलांची सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हुक बहुतेक गाड्यांत फक्त दोन कडेच्या जागांना असतात. वरच्या आवृत्त्यांत मागची सीटही 'स्पोर्टी' करण्याच्या नादात कडांना फुगवटे देतात, त्यावर मुलाची सीट तिरकी बसते आणि हलते.

आता एक गोष्ट, जी जवळजवळ कुणीच बघत नाही. पुढच्या दाराच्या चौकटीवर किंवा कागदपत्रांत गाडीचं कमाल एकूण वजन दिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. समजा, कमाल ३,००० किलो आणि रिकामी २,४५० किलो. उरले ५५०. सरासरी ६५ किलोची सात माणसं बसली की ४५५ गेले आणि सामानाला ९५ उरले. छतावर पेटी लावली तर तिचं वजनही यातच धरायचं. मोठं इंजिन, मोठे ब्रेक, जाड अँटी-रोल यंत्रणा (वळणावर गाडी झुकू न देणारी) यांनी रिकाम्या गाडीचं वजन वाढतं, त्यामुळे साध्या आवृत्तीपेक्षा भारी आवृत्ती कधी कधी कमी ओझं उचलते. युरोपातल्या आकड्यांत रिकाम्या वजनात ७५ किलोचा चालक आधीच धरलेला असतो. तुम्ही बघताय तो आकडा कोणत्या पद्धतीचा आहे ते विचारून घ्या.

पायरी ३: टेस्ट ड्राइव्ह, पण तुम्ही मागे

सेल्समनला गाडी चालवू द्या आणि तुम्ही मागे बसा. सर्वांत खराब रस्ता शोधा आणि ताशी २० ने जायला सांगा. वेगात या गाड्या छान बसतात. त्यांचा कस लागतो तो खड्ड्यांत, गतिरोधकांवर आणि रांगत्या ट्रॅफिकमध्ये. कम्फर्ट मोडवर टाकून बघा. त्यातही बूड आपटत असेल तर पुढे कुठलंच बटण मदतीला येणार नाही. वाढलेली उंची कोपऱ्यावर झुकू नये म्हणून स्प्रिंग आणि अँटी-रोल बार कडक करावे लागतात. त्यामुळे एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की सगळी गाडी डावी-उजवी डोलते आणि माणसांची डोकीही. काही महागड्या गाड्यांत ४८ व्होल्टच्या मोटरवर चालणारे सक्रिय अँटी-रोल बार असतात. ते सरळ रस्त्यावर सैल आणि वळणावर घट्ट होतात, आणि फरक खरोखर जाणवतो. यादीत असेल तर पैसे तिथे घाला.

मळमळीबद्दल थोडं सविस्तर, कारण आमच्या घरी निकाल त्यावरच लागला. गाडी लागण्याचा त्रास साधारण २ ते १२ वर्षांच्या मुलांना सर्वांत जास्त होतो. पाच सेकंदांना एक अशा संथ हेलकाव्यांनी तो चटकन होतो. पाय दाबला, सोडला, ब्रेक लावला, पुन्हा दाबला, हे म्हणजे नेमके असेच हेलकावे. चार सेकंदांत शंभर गाठणारी गाडी सरासरी ०.७ जी एवढा जोर लावते, म्हणजे डोक्याच्या वजनाच्या सत्तर टक्के रेट्याने डोकं मागे ढकललं जातं. चालवणाऱ्याला ते आधीच ठाऊक असतं, त्याची मान तयार असते. मागे पुस्तक बघणाऱ्या मुलीला काहीच ठाऊक नसतं.

त्यात आणखी एक भर, जी मला मागे बसल्यावरच दिसली. पुढच्या बकेट सीटचं डोकं सीटलाच जोडलेलं, रुंद आणि उंच होतं. मागच्या मुलाच्या डोळ्यांसमोर नुसती काळी भिंत. रस्ता दिसत नाही, क्षितिज दिसत नाही, म्हणजे मळमळीला आयतं निमंत्रण. त्याच गाडीला साध्या सीटचा पर्याय होता आणि त्यात हेडरेस्टच्या खालून बाहेरचं दिसत होतं.

शेवटी गाडी गार असताना सुरू करून बघा. स्पोर्ट्स एक्झॉस्ट पहाटे शेजारच्यांना उठवतो. मोटरवेच्या वेगात त्याचीच एकसुरी घरघर घुमते का, तेही ऐका. तान्हं मूल असलेल्या घरात हा फार मोठा मुद्दा आहे.

पायरी ४: टायर वाचायला शिका

हप्ता सगळे मोजतात, टायर कुणी मोजत नाही. या गाड्यांचा खरा खर्च चाकांत असतो.

टायरवर २३५/६५ आर१७ असं लिहिलेलं असेल तर रुंदी २३५ मिलिमीटर आणि बाजूच्या रबराची उंची तिच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १५३ मिलिमीटर. साध्या एसयूव्हीला असे टायर असतात. आता एक्स५ एमचे बघा, पुढे २९५/३५ आर२१ आणि मागे ३१५/३० आर२२. पुढे १०३ मिलिमीटर रबर, मागे जेमतेम ९५. खड्डा आला की आधी पाऊण वीत रबर मार खायचं, आता जेमतेम अर्धी वीत. रिमची कड आणि खड्ड्याची कड यांच्यात रबर चिमटतं, आतले धागे तुटतात आणि बाजूला अंड्याएवढा फुगा येतो. फुगा आला की टायर बाद, त्याला दुरुस्ती नाही.

पुढचे-मागचे वेगळ्या मापाचे असले की आलटून पालटून झीज सारखी करायची सोय जाते. चारही चाकांना ताकद देणाऱ्या यंत्रणेत झिजलेल्या टायरशेजारी कोरा टायर चालत नाही. घेर वेगळा पडतो आणि ट्रान्सफर केसमधले (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागातले) क्लच सतत घासत राहतात. म्हणजे एक फुटला की निदान जोडी, कधी चारही. स्टेपनी बहुधा नसतेच. डिकीत पंक्चरचा फेस आणि पंप असतो, आणि बाजू फाटली तर त्या फेसाचा काडीचाही उपयोग नाही. वजनामुळे भारक्षमताही मोठी लागते. टायरवरचा १०७ हा आकडा ९७५ किलो सांगतो, ११० म्हणजे १,०६० किलो. यापेक्षा कमी आकड्याचा स्वस्त टायर कुणी बसवून देत असेल तर नको म्हणा.

करायचं एवढंच. ऑर्डरआधी त्या मापाचा टायर तीन ठिकाणी विचारा. किंमत विचाराच, पण 'उद्या मिळेल का' हे त्याहून महत्त्वाचं. उत्तर 'दहा दिवस लागतील' असं आलं तर सहलीतले ते दहा दिवस डोळ्यांसमोर आणा. आणि गाडीला लहान रिमचा पर्याय असेल तर डोळे झाकून घ्या. फोटोत गाडी थोडी कमी रुबाबदार दिसेल, बसणाऱ्यांना फरक पहिल्याच गतिरोधकावर कळेल.

पायरी ५: बाकीचा खर्च, लिटरमध्ये

वर्षाला १५,००० किलोमीटर धरा. साधी गाडी लिटरला १२ देत असेल तर १,२५० लिटर. वरची ७ देत असेल तर २,१४३ लिटर, म्हणजे सुमारे ८९० लिटर जादा. ८५ लिटरच्या टाकीच्या दहा खेपा. शिवाय ही इंजिनं बहुधा जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मागतात. साधं घातलं तर नॉक, म्हणजे आत इंधनाचा अवेळी भडका, टाळायला इंजिन ठिणगीची वेळ मागे घेतं, आणि ज्या ताकदीचे पैसे दिले तीच कमी होते.

ब्रेकच्या डिस्क आणि पॅड मोठे, म्हणून महाग. कार्बन-सिरॅमिक ब्रेकचा पर्याय असेल तर सोडून द्या. उरुसला पुढे ४४० मिलिमीटरच्या अशा डिस्क आहेत, देखण्या आहेत, पण त्यांचा खरा फायदा ट्रॅकवर सलग फेऱ्या मारताना होतो. शाळेच्या वाटेवर तेवढी उष्णता तयारच होत नाही. विम्याचा आकडा सही करण्याआधी लेखी घ्या.

सगळ्यात मोठा खर्च मात्र पावतीवर दिसत नाही, तो म्हणजे किमतीतली घसरण. महागड्या, तहानलेल्या मोठ्या गाड्या पहिल्या तीनचार वर्षांत फार लवकर उतरतात. कोणत्याही जुन्या गाड्यांच्या यादीत तुमचं मॉडेल तीन वर्षं जुनं केवढ्याला मिळतं ते बघा. फरकाला ३६ ने भागलं की महिन्याचा खरा हप्ता कळतो. बँकेचा वेगळा.

पायरी ६: कोणती घ्यावी, माझं मत

दहापैकी आठ घरांना मधली आवृत्ती. तिची ताकद भरल्या गाडीला पुरते, टायर तुलनेने माणसात असतात, तिसरी रांग बहुधा टिकते. पर्यायांत लहान रिम, चांगल्या साध्या सीट आणि एअर सस्पेन्शन, म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या. एअर सस्पेन्शन भरल्या गाडीची उंची सारखी ठेवतं आणि चढउतार करणाऱ्या आजी-आजोबांसाठी काही गाड्यांत खालीही बसतं. पण पिशव्या आणि कॉम्प्रेसर वयानुसार दगा देतात, म्हणून वाढीव वॉरंटीसकटच घ्या.

पूर्ण तिखट आवृत्ती कुणी घ्यावी? ज्याला तिचं वेड आहे, ज्याच्या घरी दुसरी शांत गाडी आहे आणि चार टायर एकदम घेताना ज्याचा हात थरथरत नाही. ऑडी आरएस क्यू८ परफॉर्मन्सने २०२४ मध्ये जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकवर २०.८ किलोमीटरच्या वळणांची फेरी ७ मिनिटं ३६.६९८ सेकंदांत मारली. अभियांत्रिकी म्हणून मी टोपी काढतो. पण त्या फेरीत मागे बाळाची सीट नव्हती.

रफ्तार हवी आणि उंची नसली तरी चालेल, असं असेल तर वेगवान इस्टेट गाडी बघा, म्हणजे सेडानसारखी बुटकी पण मागे लांब छताची. ऑडी आरएस ६ अवान्त हे ठळक उदाहरण. गुरुत्वमध्य खाली असल्याने इतकं कडक सस्पेन्शन न करताही गाडी नीट वळते आणि डिकी मोठी मिळते.

इलेक्ट्रिकने हिशेब थोडा फिरवला आहे. ह्युंदाई आयोनिक ५ एनमध्ये ८४ किलोवॅट-तासांची बॅटरी आणि थोड्या वेळापुरती ६५० अश्वशक्ती आहे. इंधनाचा मुद्दा मावळतो, ट्रॅफिकमध्ये गाडी मऊ चालते. वजन आणि टायरची झीज मात्र तशीच राहते. रिजनरेशन (पाय सोडला की मोटरने गाडी हळू करून बॅटरी भरणं) जास्त ठेवलं तर पाय सोडताच लागणाऱ्या ब्रेकने मागची मळमळ पुन्हा सुरू होते. टेस्ट ड्राइव्हमध्ये ते कमी करून बघा.

पायरी ७: जुनी घेणार असाल तर

घसरण दुसऱ्याने सोसलेली असते, म्हणून तीनचार वर्षं जुनी घेणं शहाणपणाचं. सौदा मात्र डोळे उघडे ठेवून करा. गाडी रात्रभर गार ठेवायला सांगा आणि सकाळी स्वतः सुरू करा. आधीच गरम करून ठेवली असेल तर शंका घ्या. चारही टायर एकाच कंपनीचे आहेत का आणि आतली कड जास्त झिजली आहे का, ते हात फिरवून बघा. टायरवरचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात, २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. डिस्कच्या कडेला नख अडकण्याइतकी धार आली असेल तर नवीन डिस्कचे पैसे किमतीतून कापा. गाडी रात्रभर उभी राहून एक कोपरा खाली बसला असेल तर एअर सस्पेन्शन गळतंय. काही गाड्यांत लाँच कंट्रोल (उभ्या गाडीतून पूर्ण ताकदीने सुटायची सोय) किती वेळा वापरला ते संगणकातून वाचता येतं, तेही काढून घ्या. तेल किती वेळा बदललं त्याच्या तारखा बघा, नुसते किलोमीटर नकोत. इंजिन वाढवलेलं, म्हणजे ट्यून केलेलं असेल तर मी दुसरी गाडी शोधेन. विक्रेता म्हणतो 'परत मूळ सेटिंग केलंय', पण गिअरबॉक्सने सोसलेलं सेटिंगने परत येत नाही.

घरात नुकतंच लायसन्स मिळालेलं कुणी असेल तर वेग बांधता येईल अशी किल्ली मिळते का ते विचारा. व्होल्वोच्या गाड्यांत 'केअर की' नावाची अशी सोय आहे.

आम्ही शेवटी मधलीच घेतली, तीन वर्षं जुनी, १९ इंची रिमची. पहिल्या लांबच्या प्रवासाला निघताना मुलीला मागे मधल्या जागेवर बसवलं, जिथून समोरचा रस्ता दिसतो. तासाभराने मी आरशात बघितलं. ती झोपली होती. आईचे दोन्ही हात मांडीवर होते.